वेळ लावूनही रात्री गाडी चार्ज होत नाही? चार्जर बदलण्याआधी हे तपासा

संध्याकाळी केबल लावली, ॲपमध्ये रात्री १२ ची वेळ दिसते आहे, आणि सकाळी गाडी होती तिथेच, ३८ टक्क्यांवर. दुसऱ्या रात्री सगळं सुरळीत. तिसऱ्या रात्री २० मिनिटं चार्ज होऊन बंद. तंत्रज्ञाला दाखवायला जावं तर गाडीही शहाण्यासारखी वागते आणि चार्जरही. हा बिघाड लहरी वाटतो, पण लहरी नसतो. गाडी, चार्जर, राउटर, चार्जर कंपनीचा सर्व्हर, गाडी कंपनीचा सर्व्हर आणि मध्येच जोडलेलं एखादं तिसरं ॲप, अशा सहा जणांनी एकाच कामात हात घातलेला असतो आणि दर रात्री वेगळा गडी चुकतो.

म्हणून इथे दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा मधले गडी कमी करणं. ज्या जोडण्या काढल्या की चार्जिंग मार्गी लागतं, नेमक्या त्यांच्यातूनच घरातली माहिती बाहेर जात असते. उलटही होतं: खासगीपणासाठी घाईने काहीतरी बंद केलेलं असतं आणि त्यामुळेच चार्जिंग बिघडलेलं असतं. दोन्ही बाजू सोबतच तपासाव्या लागतात.

पहिली रात्र: सगळी वेळापत्रकं बंद

वीजजोडणीत दोष आहे की वेळ ठरवणाऱ्या यंत्रणेत, हे आधी वेगळं करा. गाडीतलं वेळापत्रक बंद, 'निघण्याची वेळ' बंद, चार्जरमधलं वेळापत्रक बंद, सोलर किंवा इको मोड बंद, तिसऱ्या ॲपची जोडणी तोडलेली. चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावलेली असेल आणि गाडी आधीच ७९ वर असेल तर चाचणीला अर्थ नाही, तेवढं बघून घ्या. आता केबल लावा. साधारण अर्ध्या मिनिटात चार्जिंग सुरू व्हायला हवं. पाच मिनिटांनी, तासाभराने आणि सकाळी असे तीन आकडे लिहून ठेवा: किती अँपिअर, किती किलोवॅट, किती टक्के.

रात्रभर अखंड चाललं तर वीजजोडणी ठीक आहे, इलेक्ट्रिशियनला बोलावू नका. मध्येच थांबलं किंवा ट्रिप झालं तर वाय-फायशी खेळण्यात आठवडा घालवू नका, सरळ खालच्या वीजजोडणीच्या भागाकडे जा.

तिसरी शक्यता बरेचदा नजरेतून सुटते: चार्जिंग थांबलेलं नसतं, फक्त मंद असतं. २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीवर ३२ अँपिअर म्हणजे ७.४ किलोवॅट, १६ अँपिअर म्हणजे ३.७, आणि ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १.४. बॅटरी ६० किलोवॅट-तासांची असेल तर ४० वरून ८० टक्क्यांवर जायला २४ युनिट लागतात. दहा टक्के घट धरली तर भिंतीतून २६ ते २७ युनिट. ७.४ किलोवॅटने ते साडेतीन-पावणेचार तासांत होतं, १.४ ने १९ तास लागतात. कमी अँपिअरवर घट आणखी वाढते, कारण चार्जिंगभर गाडीचे संगणक आणि पंप जी वीज खातात ती जवळपास तेवढीच राहते. सहा तासांच्या वेळेत गाडी 'अर्धवट' राहिली असेल तर आधी हा हिशेब करा. गाडीच्या स्क्रीनवर अँपिअरची मर्यादा कुणीतरी प्रवासात, साध्या सॉकेटवर लावताना कमी केलेली असते आणि ती तशीच राहते.

दोन वेळापत्रकांची भांडणं

पहिली रात्र नीट गेली असेल तर सर्वात दाट संशय इथे आहे.

चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात ते वाय-फायवरून नव्हे, केबलमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या एका तारेवरून. आयईसी ६१८५१ या मानकाप्रमाणे चार्जर त्या तारेवर १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की ते ९ होतात, गाडी 'मी तयार आहे' म्हणाली की ६. वीज देण्याची तयारी असेल तर चार्जर सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणारी लहर सोडतो, आणि लहरीचा किती टक्के भाग चालू आहे यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर ओढायला हरकत नाही. नेहमीच्या पल्ल्यात टक्के गुणिले ०.६ म्हणजे अँपिअर: १० टक्के असतील तर ६ अँपिअर, ५३ टक्क्यांच्या आसपास ३२. सहापेक्षा खाली जाता येत नाही, त्याखाली फक्त थांबणं.

आता चार्जरमध्ये वेळ लावली की काय होतं ते बघा. संध्याकाळी सातला केबल लावता, चार्जर लहर रोखून धरतो, गाडीला दिसतं 'जोडलेलं आहे, पण वीज नाही'. थोडा वेळ वाट पाहून गाडी झोपते. रात्री १२ ला चार्जर लहर सोडतो. काही गाड्या तेवढ्याने जाग्या होतात, काही होत नाहीत, आणि काही एवढा वेळ वीज न आल्याची नोंद बिघाड म्हणून करून मोकळ्या होतात. सकाळी केबल काढून परत लावली की लगेच चार्जिंग सुरू, कारण केबल लावताना गाडी जागी होतेच. 'काढून लावलं की चालतं' हे लक्षण असेल तर निदान झालंच म्हणा. चांगल्या चार्जरमध्ये यावर उपाय असतो: वेळ झाली की तो पायलटचा संकेत काही सेकंद तोडून पुन्हा जोडतो, म्हणजे गाडीला वाटतं केबल नव्याने लावली. सेटिंगमध्ये 'गाडीला जागं करा' अशा अर्थाचा पर्याय दिसला तर चालू करा. नसेल तर फर्मवेअरचं, म्हणजे चार्जरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट बघा.

दुसरी भानगड म्हणजे दोघांनीही वेळ लावलेली असणं. चार्जर म्हणतो रात्री १२ ते ५, गाडी म्हणते ४ नंतर. वीज वाहते ती फक्त दोन्ही वेळा जिथे एकमेकींवर पडतात त्या एका तासात. त्यात तिसऱ्या ॲपने स्वस्त दराचे तास म्हणून १ ते ३ निवडले असतील तर वीज वाहण्याची वेळच उरत नाही.

गाडीतल्या 'सुरू करण्याची वेळ' आणि 'निघण्याची वेळ' यांतही फरक आहे. पहिल्यात गाडी त्या वेळेला चार्जिंग सुरू करते. दुसऱ्यात ती उलटा हिशेब करून अशा बेताने सुरू करते की निघण्याच्या आधी काम संपावं. सकाळी ७ ची निघण्याची वेळ दिलेली असताना रात्री दोनपर्यंत काहीच झालं नाही म्हणून घाबरून ॲपमधून 'आत्ता चार्ज करा' दाबलं, की बऱ्याच गाड्यांत त्या रात्रीचं वेळापत्रक रद्द होतं.

निर्णय सोपा आहे: वेळापत्रक एकाच ठिकाणी, आणि पर्याय असेल तर गाडीत. चार्जर कायम चालू ठेवा, लहर सतत मिळू द्या, कधी ओढायचं ते गाडीला ठरवू द्या. गाडीचं घड्याळ उपग्रहावरून किंवा मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतं, वेळापत्रक गाडीतच साठवलेलं असतं, त्यामुळे घरचं इंटरनेट बंद असलं तरी चार्जिंग होतं. चार्जर कंपनीच्या सर्व्हरला तुमच्या रात्रीच्या वेळा कळवण्याचं कारणही उरत नाही. याला तीन अपवाद धरा. एका चार्जरवर आळीपाळीने दोन गाड्या लागत असतील, सौर पॅनेलची उरलेली वीज वापरायची असेल, किंवा गाडीत वेळ लावायची सोयच नसेल, तर वेळापत्रक चार्जरमध्ये ठेवा. पण मग गाडीत 'लावताच चार्ज' हेच असलं पाहिजे.

एक खोटी घंटा: ठरलेल्या वेळेनंतर पाच-दहा मिनिटं काहीच झालं नाही तर तो दोष असेलच असं नाही. हजारो चार्जर एकाच क्षणी सुरू झाले तर ग्रिडला झटका बसतो, म्हणून मुद्दाम यादृच्छिक उशीर ठेवतात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून घरगुती चार्जरना तो नियमानेच आहे, साधारणपणे १० मिनिटांपर्यंत.

गाडीला घर ओळखू येत नाही

लक्षण उलटं असेल, म्हणजे वेळ १२ ची असताना गाडी संध्याकाळीच चार्ज व्हायला लागत असेल, तर वेळापत्रक 'घरी असताना' या अटीला बांधलेलं आहे का ते बघा. गाडी घर ओळखते जीपीएसवरून. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा उंच इमारतींच्या मध्ये ती स्वतःला शेजारच्या रस्त्यावर समजते. घराचा ठिकाणा गाडी प्रत्यक्ष उभी असते त्या जागेवरून पुन्हा नोंदवा. तेही जमत नसेल तर स्थानाची अट काढून सगळीकडे लागू होणारी एकच वेळ ठेवा.

खासगीपणाच्या सेटिंगमधून हा दोष नव्याने आणता येतो. बऱ्याच गाड्यांत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात: गाडीने आपलं स्थान स्वतःसाठी वापरणं, आणि ते कंपनीच्या सर्व्हरला पाठवणं. पहिली बंद केली तर वेळापत्रक मोडतं, नकाशाही आंधळा होतो. तुम्हाला बंद करायची असते दुसरी. काही मॉडेलमध्ये दोन्हींना एकच बटण आहे. तिथे स्थान बंद ठेवा आणि वेळापत्रक स्थानाशिवाय चालवा.

घड्याळ

चार्जर ठीक एक तास आधी किंवा नंतर सुरू होतो? टाइम झोन किंवा उन्हाळी वेळ. कितीतरी तासांनी, आणि तेही वीज जाऊन आल्यावरच? चार्जरमध्ये घड्याळाची बॅटरी नाही, वीज गेली की तो वेळ विसरतो आणि इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारतो. ती विचारणा यूडीपीच्या पोर्ट १२३ वरून होते (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार). राउटरमध्ये चार्जरसाठी सगळं बंद करून फक्त ४४३, म्हणजे सुरक्षित वेब जोडणीचं दार, उघडं ठेवलं असेल तर चार्जर ॲपमध्ये 'ऑनलाइन' दिसेल, पण त्याचं घड्याळ चुकलेलं राहील. १२३ उघडा.

वाय-फाय: कुठे तुटतं ते आधी शोधा

ॲपमध्ये चार्जर 'ऑफलाइन' दिसणं हे एकच लक्षण आहे, पण त्याची कारणं निदान तीन. ती ओळखायला संगणकावरून चार्जरच्या आयपी पत्त्याला रात्रभर मिनिटाला एकदा पिंग करत ठेवा (पिंग म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश, उत्तर आलं तर तो चालू), आणि दुसऱ्या खिडकीत एखाद्या बाहेरच्या पत्त्याला. चार्जरचा पिंग चालू, बाहेरचाही चालू, तरी ॲप ऑफलाइन म्हणतं: कंपनीच्या सर्व्हरची गडबड, घरात काही शोधू नका. चार्जर चालू, बाहेरचा बंद: इंटरनेट गेलं. चार्जर बंद, बाहेरचा चालू: वाय-फाय. एखादा चार्जर पिंगला उत्तरच देत नाही, तेव्हा राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीवर नजर ठेवा.

वाय-फाय असेल तर पुढचं क्रमाने.

बहुतेक चार्जर, दिवे आणि स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देऊन उपकरणांना ५ कडे ढकलत राहतो आणि बिचारा चार्जर दारातून परत जात राहतो. २.४ साठी वेगळं नाव काढा. चॅनेल 'ऑटो' सोडून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा एक पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा डब्ल्यूपीए२, एईएस. डब्ल्यूपीए३ अनिवार्य केलं की जुनी चिप जोडली जात नाही. नावात आणि पासवर्डमध्ये इमोजी किंवा विचित्र चिन्हं नकोत, लांब पासवर्ड साध्या अक्षर-अंकांचाही मजबूत होतो.

सिग्नल मोजायचा तो चार्जरच्या जागी, चार्जरच्या उंचीवर, दार लावून आणि गाडी उभी करून. गाडी म्हणजे दीड-दोन टन धातू. ती नसताना मोजलेला आकडा फसवा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे रोजची कटकट. चार्जरला लॅन पोर्ट असेल तर केबल ओढा आणि हा विषय कायमचा संपवा. नसेल तर जवळ एक ॲक्सेस पॉइंट लावा. मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक जोडलेल्या वाय-फाय पेट्या (नोड), असेल तर चार्जरला जवळच्या नोडशी बांधा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर तो लांबच्या नोडला चिकटतो आणि तिथून हलत नाही.

रोज एकाच वेळी तुटत असेल, म्हणजे समजा पहाटे ३ ला, तर राउटरचं आपोआप होणारं रीस्टार्ट किंवा चॅनेलची रात्रीची फेरनिवड बघा. ठरावीक तासांनी तुटत असेल तर आयपी पत्त्याची मुदत संपते आहे. राउटरमध्ये चार्जरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवा.

फोनचा दोषही चार्जरवर जातो. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला ॲपला वेगळी परवानगी लागते. ती नाकारलेली असेल तर चार्जर शेजारी असूनही 'सापडत नाही'. फोनवर व्हीपीएन चालू असेल तरी तेच होतं. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधासाठी स्थानाची परवानगी द्यावीच लागायची, १२ पासून ब्लूटूथची स्वतंत्र परवानगी आली. जुना फोन असेल तर जोडणी करताना स्थान द्या आणि जोडणी झाली की काढून घ्या.

पाय-होलसारखी जाहिराती आणि पाळत रोखणारी गाळणी घरात असेल तर अजून एक नमुना तपासा: चार्जर ठरावीक मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट होतो आणि दर वेळी चार्जिंग तुटतं. सर्व्हर भेटला नाही की आपणच अडकलो आहोत असं समजून रीस्टार्ट होणारे चार्जर असतात. गाळणीच्या नोंदीत चार्जरच्या आयपीपुढे काय काय अडवलं आहे ते बघा आणि एकेक पत्ता उघडून पाहा. सगळं एकदम उघडलं तर कुठला पत्ता लागत होता ते कधीच कळणार नाही.

वीजजोडणी

इथे झाकण उघडायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. तुमचं काम म्हणजे लक्षण नेमकं सांगणं.

लावताक्षणी आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर केबल, कनेक्टरमधलं पाणी किंवा गाडीतलाच गळतीदोष. फक्त पावसात पडत असेल तर आधी कनेक्टर. दुसरं एखादं उपकरण चालू असतानाच पडत असेल तर दोघांची मिळून गळती ३० मिलिअँपिअरच्या जवळ जाते आहे, चार्जरला स्वतंत्र आरसीसीबी हवी. ती कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा: एसी प्रकारची गाडीच्या चार्जिंगला चालत नाही. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर ए प्रकारची पुरते, नसेल तर बी प्रकारची लागते.

एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) लगेच न पडता तास-दोन तासांनी पडत असेल तर उष्णता. घरात इतर कुठलंही उपकरण सलग सहा तास ३२ अँपिअर ओढत नाही, त्यामुळे किंचित सैल स्क्रूही इथे तापतो. स्क्रू 'घट्ट' असून भागत नाही, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळलेला हवा, आणि बहुतारी वायरीला टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) हवं. पोर्टेबल चार्जर साध्या सॉकेटवर लावत असाल तर अर्ध्या तासाने प्लग हाताला लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा. पिनेभोवती तपकिरी डाग पडला असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला जाळतं. एक्स्टेन्शन बोर्ड नको, कितीही जाड वायरीचा असला तरी.

उन्हात भिंतीवर लावलेला चार्जर तापला की स्वतःच अँपिअर कमी करतो. दुपारी मंद आणि रात्री नीट असेल तर दोष नाही, सावली करा.

घराचा एकूण भार बघून चार्जिंग कमी-जास्त करणारी व्यवस्था असेल तर मुख्य वायरीवरचा सीटी क्लॅम्प (वायरीभोवती बसून करंट मोजणारा चिमटा) तपासून घ्या. त्यावरचा बाण उलटा असला, किंवा तो भलत्या फेजवर बसला, तर चार्जरला घरातला भार खोटा दिसतो. तो ६ अँपिअरवर उतरतो आणि मग थांबतो. तपासणी सोपी: २ किलोवॅटची किटली किंवा हीटर लावा, चार्जरच्या ॲपमध्ये घराचा भार साधारण ९ अँपिअरने वाढायला हवा. तो कमी झाला तर बाण उलटा, काहीच हलला नाही तर क्लॅम्प चुकीच्या जागी.

तिसरं ॲप, आणि १२ व्होल्टची बॅटरी

स्वस्त दर पकडणारं, आकडेवारी दाखवणारं, आवाजी सहायकाला गाडीशी जोडणारं ॲप हे बऱ्याच घरांत मूळ दुखणं असतं. ते गाडीच्या सर्व्हरला दर काही मिनिटांनी 'किती टक्के?' असं विचारतं. ज्या जोडण्यांत या प्रश्नाने गाडी जागी होते, तिथे ती झोपतच नाही. जाग्या गाडीचे संगणक सहज १००–२०० वॅट घेतात.

मोजून बघा. चार्जिंग न लावता रात्रीचे आणि सकाळचे टक्के लिहा. ६० किलोवॅट-तासांच्या बॅटरीत दहा तासांत ३ टक्के गेले तर १.८ युनिट गेली, म्हणजे सरासरी १८० वॅट. गाडी रात्रभर जागी होती. सगळ्या ॲपच्या जोडण्या आणि पहारा देणारे कॅमेरे बंद करून तीन रात्री पुन्हा मोजा, मग एकेक परत जोडा. टक्के ज्या जोडणीनंतर घसरू लागतील तीच दोषी.

जागरणाचा दुसरा बळी असतो १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, हिच्याच जोरावर जुळतात. ही कमकुवत झाली की चार्जिंग सुरूच होत नाही, आणि स्क्रीनवर येणाऱ्या भलत्यासलत्या सूचना वाचून लोक चार्जरला दोष देतात. लेड-ॲसिड प्रकारची असेल तर विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बदलायची वेळ आली का ते तपासा. मोजताना गाडी झोपलेली हवी, नाहीतर मोठी बॅटरी तिला चार्ज करत असताना १३–१४ दिसतील. लिथियमची असेल तर हे आकडे लागू नाहीत.

पासवर्ड बदलल्यावर वेळापत्रक बंद पडलं असेल तर तेही इथलंच. जुनी परवानगी रद्द झालेली असते आणि ॲप गप्प बसतं, चूक दाखवतही नाही. जे ॲप गाडीच्या खात्याचा पासवर्ड स्वतःच्या पानावर टाइप करायला लावतं ते ठेवूच नका. पासवर्ड म्हणजे कुलूप उघडण्याचीही किल्ली. कंपनीच्या पानावर नेऊन 'फक्त वाचू द्या' किंवा 'फक्त चार्जिंग' अशी मर्यादित परवानगी मागणारं असेल तर गोष्ट वेगळी.

काय बंद करायचं, काय नाही

केबल कधी लागली आणि कधी निघाली याची वर्षभराची यादी म्हणजे घर कधी रिकामं असतं त्याचं वेळापत्रक. काळजी अनाठायी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उघड झालं की फोक्सवॅगन समूहाच्या कॅरियाड या सॉफ्टवेअर कंपनीकडची सुमारे ८ लाख विजेच्या गाड्यांची माहिती क्लाउडवर पुरेशा संरक्षणाविना पडून होती. त्यातल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांचं अचूक स्थान होतं, काही ब्रँडच्या बाबतीत दहा सेंटीमीटरपर्यंत. केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकर संघटनेने ते कंपनीच्या नजरेस आणलं. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मोझिला फाउंडेशनने २५ गाडी ब्रँडच्या खासगीपणाच्या धोरणांचा आढावा घेतला आणि त्यांतला एकही पास झाला नाही.

तरी सगळं एका रात्रीत तोडू नका. आधी चार्जिंग दोन आठवडे नीट चालू द्या, मग एकेक बंद करा आणि प्रत्येकानंतर दोन रात्री थांबा. पहिल्यांदा जाहिराती आणि 'सेवा सुधारण्यासाठी' दिलेल्या संमती काढा, त्याने चार्जिंगला काहीच होत नाही. चालवण्याच्या सवयींवर गुण देणाऱ्या योजना दुसऱ्या. अमेरिकेत ही माहिती विमा क्षेत्रापर्यंत पोचल्यावर जानेवारी २०२५ मध्ये एफटीसी या तिथल्या ग्राहक-संरक्षण संस्थेने जनरल मोटर्सवर पाच वर्षं अशी माहिती ग्राहक-अहवाल कंपन्यांना (लोकांविषयीचे अहवाल तयार करून विकणाऱ्यांना) देण्यास मनाई करणारा आदेश प्रस्तावित केला. तिसरं, चार्जरला पाहुण्यांच्या नेटवर्कवर हलवा, म्हणजे तो घरातले संगणक आणि कॅमेरे पाहू शकणार नाही. पण त्या नेटवर्कवरून फोनलाही तो थेट दिसणार नाही, म्हणून जोडणी आणि सेटिंग आधी उरकून घ्या.

शेवटी, वेळापत्रक गाडीत असेल तर, चार्जरचं इंटरनेट एक रात्र पूर्ण बंद करून बघा. पुष्कळ चार्जर निमूटपणे चालत राहतात. काही कार्ड किंवा ॲपच्या परवानगीशिवाय वीज सोडत नाहीत, त्यांच्यात 'ऑफलाइन असताना चार्जिंगला परवानगी' चालू करावी लागते. चालत असेल तर महिन्यातून एकदा फर्मवेअरसाठी इंटरनेट उघडा, बाकी वेळ बंद. ओसीपीपी किंवा मॉडबस (चार्जरने दुसऱ्या संगणकाशी बोलायच्या खुल्या पद्धती) यांपैकी काही असेल तर नोंदी घरातल्याच संगणकावर ठेवता येतात. मॅटर या स्मार्ट-होम उपकरणांच्या सामाईक मानकातही मे २०२४ च्या १.३ आवृत्तीपासून गाडीचे चार्जर आले आहेत, नवीन घेताना तेवढं विचारा.

गाडी किंवा चार्जर जुना घेतला असेल तर आणखी एक: आधीच्या मालकाचं खातं तसंच जोडलेलं असतं, आणि त्याच्या ॲपमधलं रात्री २ चं वेळापत्रक तुमच्या गाडीला थांबवत असतं. फॅक्टरी रीसेट पुरत नाही, कारण जोडणी सर्व्हरवर असते. कंपनीला अनुक्रमांक आणि खरेदीची पावती देऊन जुनं खातं काढायला लावा. स्वतः विकताना हेच उलट्या क्रमाने: आधी खात्यातून गाडी काढा, मग गाडीतून खातं, घराचा ठिकाणा, फोनबुक आणि गॅरेजच्या दाराचे कोड पुसा, सर्वात शेवटी रीसेट.

एवढं करूनही दोष टिकला तर तंत्रज्ञाला चार गोष्टी द्या: दोष आल्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचे अँपिअर, गाडी आणि चार्जरच्या फर्मवेअरचे क्रमांक, आणि वेळापत्रकं बंद असतानाच्या रात्रीचा निकाल. चार्जरमधली नोंदींची फाइल मागितली तर पाठवण्याआधी उघडून वाचा. तिच्यात वाय-फायचं नाव, कार्डाचे क्रमांक आणि कधीकधी वाय-फायचा पासवर्डही साध्या अक्षरांत असतो. पासवर्ड सापडला तर खोडून पाठवा आणि तो बदलून टाका.